रस्त्यावर उभं राहून फोटो कशाचा काढायचा?

वाचकाचं पत्र (नाव-गाव वगळून, थोडक्यात) : मी चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी एक लहानसा कॅमेरा घेतला आणि दर रविवारी सकाळी तीन-चार तास रस्त्यावर फोटो काढत फिरते. अडचण अशी की फोटो कशाचा काढायचा हेच मला ठरवता येत नाही. कधी चारशे फोटो घेऊन घरी येते, कधी सहा. इतरांची कामं बघते : उन्हाच्या तिरिपेत सापडलेला छत्रीवाला, डबक्यातलं प्रतिबिंब, जाहिरातीच्या फलकाखालून नेमका चालत जाणारा माणूस. तसे फोटो काढून पाहिले, बऱ्यापैकी जमतातही, पण ते माझे वाटत नाहीत. एरवी माझ्याकडे साचतात ते सगळे निरुपयोगी. काउंटरच्या काचेला कपाळ टेकवून उभी असलेली बाई. दोघातिघांच्या पिशव्या हातात घेऊन उभा राहिलेला माणूस. शाळेच्या बंद फाटकाबाहेर एका पायावर तोल सावरणारा मुलगा. बसथांब्यावरच्या चार पाठी. यात काही घडतच नाही. आमच्या गटातले एक ज्येष्ठ फोटोग्राफर म्हणतात, ‘आधी विषय ठरव, प्रोजेक्ट हातात घे, मगच बाहेर पड.’ त्यात भर म्हणजे फुटपाथवर झोपलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो मी सोशल मीडियावर टाकला आणि आजवरची सगळ्यात जास्त वाहवा त्याला मिळाली. तेव्हापासून कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही. माझ्याकडे नजरच नाही का?

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नासाठी आणि दुसऱ्यांदा त्या ‘निरुपयोगी’ फोटोंच्या यादीसाठी. यादीकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी तुमच्या प्रश्नाशीच थोडं भांडायचं आहे.

ज्यांना नजर असते त्यांना रस्त्यावर पाऊल ठेवताच कळतं की फोटो कशाचा काढायचा, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं खरंच असतं तर रॉबर्ट फ्रँक या नावाजलेल्या फोटोग्राफरचे आकडे वेगळे निघाले असते. १९५५-५६ मध्ये तो गाडी घेऊन अमेरिकाभर फिरला. साडेसातशेहून जास्त फिल्मचे रोल संपवले, म्हणजे सुमारे २७ हजार फ्रेम. त्यातून हजारभर कच्च्या प्रिंट काढल्या, त्या भिंतीवर लावल्या, जमिनीवर पसरल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. शेवटी त्याच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आले ८३ फोटो. सव्वातीनशे फ्रेममागे एक. तुमचा एखादा रविवार चारशे फोटो काढून पूर्ण कोरडा गेला, तर या हिशेबाने तुम्ही फक्त पाऊणशे फ्रेमने मागे आहात.

हे वाचून बोट शटरवरून उचलायचंच नाही असा अर्थ कृपा करून काढू नका. मी आकडे सांगतोय ते त्या हजार प्रिंटसाठी. फ्रँकचं पुस्तक रस्त्यावर जितकं घडलं तितकंच त्या भिंतीसमोर घडलं. आणि तुमच्या पत्रात रविवार सकाळबद्दल इतकं काही आहे, पण रविवार संध्याकाळबद्दल एक ओळही नाही.

माझा अंदाज सांगतो. घरी आल्या आल्या तुम्ही फोटो संगणकावर घेता, त्याच दिवशी भराभर बघता, दोन-तीन बरे वाटलेले टाकता आणि बाकीचे एका फोल्डरमध्ये पडून राहतात. चुकत असेन तर सांगा. त्या संध्याकाळी आपण फोटो बघतच नसतो, सकाळ आठवत असतो. कुणाजवळ जायचं धाडस केलं होतं, कुठे छातीत धडधडलं होतं, कुठला फोटो थोडक्यात हुकला. त्यातलं काहीच फोटोत उतरलेलं नसतं, पण आपल्याला ते दिसतं. रस्त्यावर फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड याच कारणासाठी काढलेले रोल मुद्दाम बराच काळ, कधी वर्षभरसुद्धा, न धुता ठेवायचा. काढतानाची झिंग उतरली की मगच फोटो बघायचे. अर्थात या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा अडीच हजारांवर रोल धुवायचेच राहिले होते. फोटो काढणं आणि काढलेलं बघणं ही दोन निराळी कामं आहेत आणि पहिल्याची चटक लागली की दुसरं मागे पडतं. तुमचं वर्षभर नको, एक आठवडा पुरे. या रविवारचे फोटो पुढच्या रविवारी, बाहेर पडायच्या आधी बघा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की फोटो कशाचा काढायचा या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर शोधूच नका. ते तिथे मिळत नाही. ते मिळतं घरी, काढलेल्या फोटोंच्या ढिगात, आणि तेही उशिरा.

आता तुमच्या ज्येष्ठांकडे वळू. त्यांचा सल्ला चुकीचा नाही. विषय हाती असला की पाय आपोआप कुठेतरी वळतात, चारशेच्या जागी साठच फ्रेम होतात, हे खरंच आहे. पण तो सल्ला ज्याला विषय सापडला आहे त्याच्या कामाचा. ज्याला सापडलेला नाही तो टेबलाशी बसून विषय ठरवायला गेला की काय होतं, मी बघितलं आहे. ‘एकटेपणा’, ‘शहराची धावपळ’, ‘जुनं आणि नवं’ असले निबंधाचे मथळे निघतात. मग माणूस रस्त्यावर त्या मथळ्याला पुरावे गोळा करत हिंडतो. बाकावर कुणी एकटं बसलेलं दिसलं की क्लिक. तो बिचारा कदाचित मित्राची वाट बघत मजेत बसलेला असतो, पण आपल्याला तो एकटेपणासाठी हवा असतो.

फोटोग्राफर हेलन लेविटचं उदाहरण घ्या. १९३७ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये मुलांना चित्रकला शिकवत होती. मुलं फुटपाथवर, भिंतींवर खडूने चित्रं काढायची. ती पावसाने, पावलांनी पुसली जायची. लेविटला त्यांचं वेड लागलं आणि ती त्या चित्रांचे आणि ती काढणाऱ्या मुलांचे फोटो काढत राहिली. आधी ओढ, मग फोटो, आणि विषयाचं नाव सगळ्यात शेवटी. फोटोग्राफर सॉल लाइटर पन्नासहून जास्त वर्षं न्यूयॉर्कमधल्या एकाच भागात राहिला आणि त्याचे बरेचसे फोटो घरापासून चालत जाण्याच्या अंतरातले आहेत. वाफ धरलेल्या काचा, बर्फ, लाल छत्री, पाऊण फ्रेम अडवून बसलेलं काहीतरी काळं. त्याच्या रंगीत कामाचं पुस्तक निघालं २००६ मध्ये, तो ऐंशी ओलांडल्यावर. कुठला विषय हातात घेतला आहेस, असं त्याला तिशीत कुणी विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

छत्रीवाला, डबकं, जाहिरातीचा फलक या नकलांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पाटीवर गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही. उन्हाच्या तिरिपेत माणूस यायची वाट बघताना तुम्ही उजेड मोजायला शिकलात, थांबायला शिकलात, ते कुठे जात नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. त्या फोटोंमध्ये माणूस कुणीही चालतो. तिथे नायक उजेड असतो, माणूस अंतर कळावं म्हणून असतो. हाँगकाँगमध्ये फॅन हो या फोटोग्राफरने पन्नास-साठच्या दशकांत धूर आणि उन्हाच्या तिरिपांचं जे काम केलं त्यात उजेडावर जीव जडला होता, म्हणून ते उभं राहतं. तुमचा जीव तिथे जडलेला नसेल तर बाहेरून सगळं बरोबर जमूनही फोटो परका वाटणारच.

आणखी एक कारण आहे, जरा रुक्ष. फोनच्या पडद्यावर फोटो दोन बोटांएवढा दिसतो. त्या आकारात ठळक काळी आकृती आणि पिवळा झोत लगेच कळतो. काचेला टेकवलेलं कपाळ कळत नाही. त्याला प्रिंट लागते, निदान मोठा पडदा तरी लागतो. वाहवा मिळणारे फोटो एकसारखे का दिसतात, याचं निम्मं उत्तर पडद्याच्या आकारात आहे असं मला बरेच दिवस वाटतं. तेव्हा तुमच्या निरुपयोगी फोटोंचा निकाल फोनवर लावू नका.

तरीही रस्त्यावर उभं असताना बोट कधी दाबायचं, हे उरतंच. त्यासाठी मी शरीरावर विश्वास ठेवतो. चालताना आपण कधीतरी नकळत हळू होतो, मान वळते, दोन पावलं पुढे जाऊन आपण मागे बघतो. कारण अजून कळलेलं नसतं, पण काहीतरी अडलेलं असतं. तिथे फोटो काढायचा. ‘हा चांगला फोटो होईल का’ हा प्रश्न त्या क्षणी मनात आला की मी तो हाकलून देतो, कारण त्याचं उत्तर नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोवरून येतं. त्याऐवजी मी मला विचारतो, नेमकं कशाने अडवलं? आणि उत्तर एका वस्तूच्या नावात द्यायचं. कोपर. ओली कॉलर. पिशवीचा बंद. ‘वातावरण’ किंवा ‘माहोल’ असं उत्तर आलं तर समजायचं की अजून नीट बघितलेलं नाही. नाव सापडलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण आता कुठे उभं राहायचं ते कळतं. कोपराने अडवलं असेल तर कोपरामागे मोकळी भिंत हवी, तिथे उभी असलेली पांढरी गाडी टळली पाहिजे. मग एक पाऊल डावीकडे, थोडं वाकून.

मागची बाजू सांभाळायची सवय नव्या लोकांना सगळ्यात उशिरा लागते. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ मधला एक फोटो बघा, फ्रान्समधल्या इएर गावातला. वरून दिसणारा गोल वळणाचा जिना आणि खालच्या रस्त्यावरून जाणारा, थोडासा हललेला सायकलवाला. सगळे त्या सायकलच्या क्षणाबद्दल बोलतात. पण जिना काही पळून जाणार नव्हता. बघणाऱ्याने उभं राहायची जागा बरोबर निवडली म्हणून सायकलवाल्याला अर्थ आला. तुमचे तीन-चार तास तुम्ही चालण्यात घालवता. त्यातला एक तास एकाच जागी उभं राहून बघा. दहा-पंधरा मिनिटांत लोक तुम्हाला खांबासारखं धरून चालायला लागतात आणि भीडही निम्मी होते.

कॅमेऱ्याचं एका परिच्छेदात उरकतो. ३५ मिमीची लेन्स असेल आणि सेन्सर फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा) असेल तर लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवा, फोकस हाताने तीन मीटरवर लावा. साधारण दोनपासून सात मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो. लहान सेन्सरवर तितकंच दृश्य दिसणारी लेन्स असेल तर एफ ८ वर यापेक्षाही जास्त अंतरापर्यंत स्पष्ट येतं. यानंतर कॅमेऱ्याला काही विचारायचं उरत नाही आणि डोकं बघायला मोकळं राहतं.

पाठमोऱ्या फोटोंबद्दल तुमच्या गटात कुणीतरी नक्की म्हणालं असेल की ही भीती आहे. असेलही. तपासायचं कसं ते सांगतो. पाठीचा फोटो घेतलात की वळसा घालून पुढच्या बाजूने एक घ्या. घरी दोन्ही शेजारी ठेवा. समोरचा बरा निघाला तर तुम्ही लपत होतात. पाठीचाच बरा निघाला तर कुणी काही म्हणो. समोरून घेताना कुणी बघितलंच तर हसा, कॅमेरा खाली करा, विचारलं तर दाखवा, ‘काढून टाका’ म्हटलं तर त्याच्यासमोर काढून टाका. कायदा देशोदेशी वेगळा आहे. जर्मनीत १९०७ च्या कायद्याप्रमाणे माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला काही अपवाद सोडले तर त्याची संमती लागते, काही देशांत सार्वजनिक जागी बरीच मोकळीक असते. तुम्ही जिथे फोटो काढता तिथला नियम एकदा नीट वाचून घ्या.

पण झोपलेल्या म्हाताऱ्याचा प्रश्न कायद्याचा नाही, आणि तुम्हालाही ते माहीत आहे. नाहीतर कॅमेरा कपाटात गेला नसता.

या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. जागा माणूस निदान तोंड फिरवू शकतो, हात आडवा धरू शकतो, शिवी देऊ शकतो. झोपलेल्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्याजवळ दाराआड झोपायची सोय नाही, एवढ्याच कारणाने तो आपल्या फ्रेममध्ये आलेला असतो. अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. त्या फोटोंचं पुस्तक निघालं १९६६ मध्ये. पाव शतकाने. ते बहुतेक जागे, भाडं भरून बसलेले प्रवासी होते. आपण फोटो काढतो आणि घरी पोचायच्या आत तो जगाला दाखवून मोकळे होतो.

तुम्ही त्या फोटोला तोच प्रश्न विचारून बघा. नेमकं कशाने अडवलं होतं? उत्तर एका वस्तूच्या नावात यायला हवं. उशाशी नीट जोडून ठेवलेल्या चपला, असं काही असेल तर तुम्ही खरंच काहीतरी बघितलं होतं, आणि मग फोटो चपलांचा काढता आला असता, चेहऱ्याशिवाय. ‘गरिबी’ असं उत्तर आलं तर तो फोटो तुम्ही बघण्याआधीच ठरलेला होता. हजारोंनी तो काढला आहे, लोकांनी हजारदा त्याला दाद दिली आहे, तुम्ही फक्त तुमची प्रत काढलीत. मला विचाराल तर तो खाली उतरवा. जाहीर खुलासा वगैरे लिहीत बसू नका, नुसता उतरवा. आणि त्यामुळे वाटलेली लाज जपून ठेवा, पुढच्या वेळी ती बोटाच्या आधी काम करेल.

आता तुमच्या यादीकडे. चारही फोटो पुन्हा डोळ्यासमोर आणा. बाई काउंटरवरच्या माणसाची वाट बघते आहे. पिशव्यांवाला पिशव्यांच्या मालकांची. मुलगा फाटक उघडण्याची. चार पाठी बसची. ‘यात काही घडतच नाही’ असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. पण आठ महिन्यांत, कुणी सांगितलेलं नसताना, वाहवा मिळत नसताना, तुम्ही वाट बघणाऱ्या माणसांपाशीच थांबत आला आहात. तुमच्या ज्येष्ठांना हवा असलेला विषय तुमच्या रद्दीत आठ महिने पडून आहे, असा मला दाट संशय आहे.

रस्त्यावरचा माणूस फोटोत पहिल्यांदा आला तो असाच. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. प्रकाशाला काही मिनिटं उघडी ठेवावी लागणारी प्लेट. गाड्या, घोडे, येणारी-जाणारी माणसं या सगळ्यांचं काहीच उमटलं नाही, रस्ता ओस दिसतो. उमटला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक जण, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणारा. बाकी सगळे घाईत होते.

माझा संशय चुकीचाही असू शकतो. चार फोटोंवरून निदान करणं धोक्याचं. माझ्याबाबतीतच सांगतो. मी तीन वर्षं समजत होतो की मी गर्दीचे फोटो काढतो. एकदा टाकाऊ फोटोंच्या स्वस्तातल्या प्रिंट जमिनीवर पसरल्या होत्या. धाकटी बहीण चहाचा कप घेऊन त्यांच्यामधून वाट काढत गेली आणि म्हणाली, ‘हे सगळे स्वतःला नीट का करतायत?’ खरंच. कुणी कॉलर सारखी करतंय, कुणी गाडीच्या काचेत केस बघतंय, कुणी बाही खाली ओढतंय. गर्दी होती, पण फोटो तिचा नव्हता. मला ते तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही, आणि हाच प्रश्न घेऊन अडलेले बाकीचे वाचकही, एवढं करा. आठ महिन्यांचे सगळे फोटो उघडा आणि ज्यांना कुणीही दाद दिलेली नाही असे पन्नास निवडा. कारण देता येत नसेल तरी चालेल, हात जिथे थबकतो ते. लहान प्रिंट काढा, स्वस्तातल्या. जमिनीवर किंवा भिंतीवर लावा आणि आठवडाभर तिथेच असू द्या, जाता-येता दिसतील अशा. जागा बदला. दोन फोटो शेजारी आले की एकमेकांशी काही बोलतात का बघा. जे गप्प राहतील ते काढून घ्या. मग फोटोग्राफी न करणाऱ्या कुणाला तरी बोलवा आणि ‘कसे आहेत’ असं न विचारता ‘यात सारखं सारखं काय दिसतं’ असं विचारा. आलेलं उत्तर लिहून ठेवा, पण त्याला प्रोजेक्ट म्हणू नका, ज्येष्ठांना सांगू नका, त्याचं नाव ठेवू नका. त्याच्या पुढच्या रविवारी नुसतं बाहेर पडा. काय बघायचं ते पायांना साधारण माहीत असेल.

आणि तो पिशव्या धरून उभा असलेला माणूस मला मोठ्या आकारात पाठवा. त्याने त्या खाली का ठेवल्या नाहीत, हे पत्र वाचल्यापासून मला बघायचं आहे.